वीस मिनिटांची बैठक: राज्यपालांच्या एका व्यक्तिचित्राचे प्रकरण

कोल्हापुरातल्या एका जुन्या शिक्षण संस्थेच्या सभागृहात राज्यपालांचे एक तैलचित्र लागले आहे. ५० इंच उंच, ४० इंच रुंद, गुडघ्यापर्यंतची बसलेली आकृती. ते मी काढले. त्याआधी याच मापाचे, याच व्यक्तीचे दुसरे एक चित्र मी पूर्ण करून बसलो होतो. ते आता माझ्या स्टुडिओत भिंतीकडे तोंड करून उभे आहे. पहिले चित्र कुठे फसले आणि दुसरे कसे उभे राहिले, ते इथे लिहून ठेवतो आहे. पोर्ट्रेट शिकणाऱ्या मुलांना याचा उपयोग होईल, आणि अशी कामे देणाऱ्या संस्थांना कदाचित जास्तच होईल. संस्थेचे आणि राज्यपालांचे नाव देत नाही. त्यावाचून काही अडत नाही.

काम कसे आले

संस्थेच्या नव्या इमारतीच्या पायाभरणीला राज्यपाल आले होते. मी त्या दिवशी सभागृहात होतो, पण अगदी मागच्या रांगेत. मला दिसले ते मंचावरचे पांढरे केस आणि खांद्यावरची सत्काराची शाल, एवढेच. दोन महिन्यांनी विश्वस्त मंडळाचा ठराव झाला की सभागृहातल्या चित्रांच्या रांगेत राज्यपालांचेही चित्र असावे, त्याला त्यांच्या कार्यालयाची मान्यता घ्यावी आणि काम कोल्हापूरच्याच चित्रकाराला द्यावे.

ती रांग मला लहानपणापासून पाठ आहे. मध्यभागी राजर्षी शाहू महाराज, त्यांच्या दोन्ही बाजूंना संस्थापक, देणगीदार आणि दोन जुने मुख्याध्यापक. काही चित्रे उत्तम आहेत, काही नुसती फोटोवरून रंगवलेली. या गावात पोर्ट्रेट पाहणाऱ्यांची नजर तयार असते, याची जाणीव असल्याने मला भीतीच होती. आबालाल रहिमान इथे शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले आणि रंकाळा, कोटितीर्थ रंगवत राहिले. बाबूराव पेंटरांनी कोणत्याही कलाशाळेत न जाता घरच्या कारागिरीतून डोळा कमावला आणि नाटकांच्या पडद्यांपासून पुतळ्यांपर्यंत सगळे केले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांचे शिष्य अजून आमच्यात आहेत. चित्र टांगले की चहा घेऊन आलेला माणूससुद्धा मान तिरकी करून विचारतो, "सर, हातावरचा उजेड जरा जास्त झालाय का?" आणि पुष्कळदा त्याचे बरोबर असते.

पहिल्याच बैठकीत एका वयस्क विश्वस्तांनी आक्षेप घेतला. ते म्हणाले, "कोल्हापुरात गव्हर्नरची प्रतिमा म्हटलं की मला विल्सनच आठवतो." मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन (१९२३ ते १९२८) यांचा पुतळा आज जिथे शिवाजी चौक आहे तिथे उभा होता. बेचाळीसच्या चळवळीच्या काळात लोकांनी तो विद्रूप केला, त्यात गावातल्या बायकाही पुढे होत्या. पुढे त्याच जागी शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला, आणि तो घडवला बाबूराव पेंटरांनी. विश्वस्तांचे म्हणणे असे की ज्या पदाची प्रतिमा या गावाने एकदा उतरवली, त्याच पदाचे चित्र आपण हौसेने का लावावे?

अध्यक्षांनी, म्हणजे ज्यांना सगळे आबा म्हणतात त्यांनी, उत्तर दिले ते मला पटले. तो गव्हर्नर लंडनहून नेमलेला, हा राज्यपाल आपल्या संविधानाने. अनुच्छेद १५५ प्रमाणे राष्ट्रपती त्यांची नेमणूक करतात, आणि अनुच्छेद १५९ प्रमाणे उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींसमोर संविधानाचे रक्षण करण्याची आणि राज्यातल्या जनतेच्या सेवेला वाहून घेण्याची शपथ त्यांना घ्यावी लागते. जिवंत माणसाची प्रतिमा लावावी का, या शंकेवर आबांनी बिंदू चौकाचा दाखला दिला. माधवराव बागलांच्या पुढाकाराने १९५० साली तिथे महात्मा फुल्यांबरोबर डॉ. आंबेडकरांचा पुतळा बसला, तेव्हा बाबासाहेब हयात होते. बागल स्वतः चित्रकार होते, हे मी मनात म्हटले.

ठराव कायम झाला. मुदत चार महिन्यांची मिळाली.

फ्लेक्सवरचा फोटो

मी पहिल्याच पत्रात बैठक मागितली होती. चित्रकार 'बैठक' म्हणतो तेव्हा त्याला सभा अभिप्रेत नसते. माणूस समोर खुर्चीवर बसलेला हवा असतो. संस्थेच्या कार्यालयाने सांगितले की एवढ्या मोठ्या माणसाकडे वेळ मागणे बरे दिसत नाही, फोटो भरपूर आहेत, त्यावरून काढा. मी एकदा आग्रह धरला आणि सोडून दिला. या प्रकरणातली माझी पहिली चूक इथे झाली. काम हातचे जाईल ही भीती त्यामागे होती.

फोटो दोन आले. एक अधिकृत, सरकारी कार्यालयांत लागतो तो: समोरून, दोन्ही बाजूंनी सारखा फ्लॅश, चेहऱ्यावर एकही सावली नाही, त्वचा गुळगुळीत केलेली. अशा फोटोवरून डोके रंगवणे म्हणजे उन्हाच्या बाराला पन्हाळ्याचा नकाशा काढण्यासारखे. चढउतार दिसतच नाहीत. दुसरा फोटो पायाभरणीच्या दिवशीचा होता. तो मला जास्त आवडला, कारण चेहरा किंचित वळलेला होता, एका बाजूने खिडकीचा उजेड होता आणि अंगावर शाल होती. छायाचित्रकाराकडची मूळ फाइल पुसली गेली होती. संस्थेकडे होती ती कार्यक्रमाच्या मोठ्या फ्लेक्ससाठी तयार केलेली फाइल. ती मोठी आणि स्पष्ट होती, म्हणून मी तीच घेतली.

शरीरासाठी मी शेजारच्या निवृत्त हवालदारांना बसवले. बंद गळ्याचा कोट भाड्याने आणला, त्यावर तशीच शाल टाकली. चेहरा फोटोवरचा आणि धड शेजाऱ्याचे, हा आमच्या धंद्यातला जुना शॉर्टकट आहे. तो बरेचदा निभावतो. फक्त माणसाचे डोके त्याच्या स्वतःच्या मानेवर, स्वतःच्या वजनाने बसलेले असते, हे त्यात हरवते.

साडेतीन महिन्यांत चित्र पुरे झाले. विश्वस्त स्टुडिओत आले. सगळ्यांनी एका आवाजात "हुबेहूब" म्हटले. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी त्या रात्री नीट झोपलो.

"हे ते वाटत नाहीत"

मान्यतेसाठी चित्राचा फोटो राज्यपालांच्या कार्यालयाकडे गेला. पंधरा दिवसांनी एका अधिकाऱ्यांचा फोन आला. अत्यंत सौजन्याने ते म्हणाले, "सर, काम सुंदर आहे. पण साहेबांच्या घरच्यांना हे ते वाटत नाहीत. काय चुकलंय म्हणून विचारलं, तर त्यांनाही सांगता येत नाही."

मी तीन दिवस चित्रासमोर बसून होतो. नाकाची लांबी मोजली, डोळ्यांमधले अंतर मोजले, कानाची पातळी तपासली. फोटोशी सगळे केसभरही न चुकता जुळत होते. चौथ्या दिवशी सवयीने आरसा घेतला. पोर्ट्रेट करणारा प्रत्येक जण अधूनमधून आपले चित्र आरशात बघतो, कारण उलटी प्रतिमा डोळ्याला नवी वाटते आणि वाकडेपणा लगेच कळतो. मी पाठ फिरवून आरशात पाहिले, आणि आरशातला माणूस मला ओळखीचा वाटला. शेजारी अधिकृत फोटो टाचलेला होता. त्यातली डावी पापणी उजवीपेक्षा किंचित खाली होती. आरशातही डावी. माझ्या कॅनव्हासवर मात्र उजवी.

फोटो उलटा होता.

फ्लेक्स करणाऱ्याने राज्यपालांचे तोंड संस्थापकांच्या चित्राकडे वळावे म्हणून फाइल आडवी फिरवली होती. ही रोजची पद्धत आहे. फ्लेक्सवरची सगळी माणसे आत पाहणारी हवी असतात. एरवी हे मला पहिल्या नजरेत कळले असते. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, छातीचा खिसा डावीकडे असतो. उलट्या फोटोत बटणे आणि खिसा लगेच चुगली करतात. पण इथे दोन्ही शालीखाली झाकलेले होते. अधिकृत फोटोत बटणेही दिसत होती आणि खिसाही, म्हणजे त्याची बाजू खरी होती. मी त्याच्याशी ताडून पाहिलेच नव्हते. सपाट उजेडाचा फोटो म्हणून तो बाजूला टाकला होता.

कोणताच चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो. ज्याने माणसाला रोज जेवणाच्या ताटावर समोर पाहिले आहे, त्याच्या मनात ती विषमता ठरावीक बाजू घेऊन बसलेली असते. उलटी केली की नाक-डोळे जागच्या जागी राहूनही माणूस निघून जातो. आणि ज्यांनी त्यांना वर्तमानपत्रात आणि फ्लेक्सवरच पाहिले होते, ते "हुबेहूब" म्हणाले, कारण चित्र खरोखरच फ्लेक्सशी हुबेहूब होते. साम्य कुणी ठरवायचे, हे आम्ही आधी ठरवलेच नव्हते. संस्थेला राज्यपालांची ओळख फोटोपुरती, मलाही तेवढीच. ज्यांना खरी ओळख होती त्यांना चित्र दाखवले ते शेवटचा हात फिरल्यावर.

फक्त बाजू बदलून भागणार नव्हते, हेही मला दिसले. मान ताठ होती ती हवालदारांची. चेहऱ्याचा रंग फोटोतला, हातांचा रंग माझ्या शेजाऱ्यांचा. सगळे नीट रंगवलेले, पण एकाच माणसाचे नव्हे.

अधिकृत म्हणजे काय

दुसऱ्या चित्राला हात घालण्यापूर्वी मी आबांना भेटलो आणि सगळे सांगितले, माझी चूकही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग सर, आता नीट करूया. काय काय लागतंय ते लिहून द्या." त्या कागदाने पुढचे काम वाचवले.

'अधिकृत चित्र' या शब्दाखाली तिघांच्या तीन समजुती होत्या. संस्थेला ते सभागृहाचे भूषण हवे होते: मागे राष्ट्रध्वज, खुर्चीच्या पाठीवर सोनेरी राजमुद्रा, चेहऱ्यावर प्रसन्न हसू. राज्यपालांच्या कार्यालयाला काही वावगे नसलेले चित्र हवे होते. मला माणूस हवा होता.

राजमुद्रेबद्दल मी ठाम नाही म्हटले. भारताच्या राजचिन्हाचा वापर कुणी, कुठे करायचा याला २००५चा कायदा आणि २००७चे नियम आहेत. खासगी संस्थेच्या भिंतीवर ते शोभेसाठी रंगवणे मला योग्य वाटेना. ध्वजाचा मोह मलाही होता, पण संस्थेने तयार करून आणलेल्या नमुन्यात ध्वज चुकीच्या बाजूला होता. ध्वजसंहितेप्रमाणे मंचावर ध्वजदंड वक्त्याच्या उजव्या हाताला येतो, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे. शिवाय हातभर कॅनव्हासवर २४ आऱ्यांचे चक्र घडीत अर्धवट दाखवायचे की पूर्ण, यावर वाद होणार. शेवटी ध्वजही नाही, मुद्राही नाही. टेबलावर संविधानाचे एक जाड पुस्तक, मिटलेले, एवढ्यावर एकमत झाले. शपथेत ज्याचे रक्षण करायचे म्हटले आहे ते हाताशी दिसावे.

अमेरिकेत अनेक राज्यांच्या विधानभवनांत मावळत्या गव्हर्नरांची रंगवलेली चित्रे लावण्याची जुनी रीत आहे, आणि तिथल्या काही चित्रांचा मी या निमित्ताने अभ्यास केला. मिट रॉम्नी यांच्या मॅसॅच्युसेट्समधल्या चित्रात (२००९) टेबलावर त्यांच्या पत्नीची तसबीर आणि आरोग्य विमा कायद्याची प्रत आहे. कारकिर्दीत काय महत्त्वाचे मानले ते दोन वस्तूंत सांगून टाकले आहे. टेक्सासमध्ये नवा गव्हर्नर भिंतीवर आला की आधीची सगळी चित्रे एकेक जागा पुढे सरकतात. कुणाचीच जागा कायमची नाही, ही कल्पना मला फार आवडली. सगळ्यांत मोठा धडा मात्र कॅलिफोर्नियाचा. जेरी ब्राउन १९७५ ते १९८३ गव्हर्नर होते, आणि त्यांचे १९८४चे अधिकृत चित्र डॉन बाकार्डी यांनी केले. हा चित्रकार फक्त समोर बसलेल्या माणसावरून काम करतो, फोटोवरून कधीच नाही. रंगांचे मोकळे, झपाट्याचे फटकारे मारलेले ते चित्र सगळ्या गुळगुळीत चित्रांमध्ये इतके वेगळे होते की त्यावरून मोठा गदारोळ झाला. म्हणजे समोर बसवून काढले की सगळ्यांना आवडेलच असे नाही. तरी आज त्या रांगेतले लोक थांबून पाहतात असे चित्र तेच आहे, असे मी मानतो.

कागदावर मी चार गोष्टी लिहिल्या: किमान एक बैठक, साम्याचा निर्णय राज्यपालांच्या घरच्यांचा, तो कोळशाच्या रेखाटनावर आणि पहिल्या रंगाच्या थरावर, म्हणजे बदल शक्य असताना, आणि स्वामित्वहक्काचा उल्लेख. ही शेवटची बाब आमच्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याकडे जातो. पुढे कॅलेंडरवर, डायरीवर चित्र छापले गेले की चित्रकार हळहळतो, पण तेव्हा उशीर झालेला असतो. संस्थेने माझ्या नावासह छापण्याची अट आनंदाने मान्य केली.

बैठकीचे पत्र आबांनी स्वतःच्या सहीने पाठवले. आठवड्यात उत्तर आले. राज्यपाल जूनमध्ये कोल्हापूर दौऱ्यावर येणार होते. सर्किट हाउसवर सकाळी वीस मिनिटे मिळतील. ज्या वेळेसाठी विचारणेच बरे दिसत नाही असे आम्ही गृहीत धरले होते, ती एका पत्रात मिळाली.

वीस मिनिटे

वीस मिनिटांत चित्र होत नाही. काय बघायचे हे आधी ठरवले तर पुरेसे बघता मात्र येते. मी घरी घड्याळ लावून चार वेळा सराव केला. सात मिनिटे कोळशाचे रेखाटन, आठ मिनिटे रंगाची टिपणे, शेवटची पाच मिनिटे हात खाली ठेवून नुसते बघायचे. दहा बाय बाराच्या लाकडी फळीवर करड्या अंबरचा, म्हणजे मातकट तपकिरी रंगाचा, थर आधीच वाळवून ठेवला. कातडीच्या चार छटा घरी मिसळून पॅलेटवर लावून नेल्या: यलो ऑकर, लाइट रेड, टायटॅनियम व्हाइट, थोडा व्हिरिडियन हिरवा.

दारावर सुरक्षेच्या लोकांनी टर्पेंटाइनची बाटली आणि पॅलेट नाइफ काढून घेतले. टर्पेंटाइन पेट घेते, त्यांचे काही चुकले नाही. जवसाच्या तेलाची छोटी कुपी राहू दिली. तेवढ्यावर भागवायचे ठरवले.

उजेडाचा विचार मी आदल्या रात्रीच केला होता. युरोपातली पुस्तके सांगतात, उत्तरेच्या खिडकीचा उजेड घ्या, तिथून ऊन कधी येत नाही. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून चक्क ऊन आत येते. पुस्तकी नियम इथे त्या तीन महिन्यांत चालत नाही. आमची सोय करतो तो पाऊस. त्या दिवशी आभाळ पूर्ण भरलेले होते. राखाडी, मऊ, न हलणारा उजेड होता, स्टुडिओतही मिळणार नाही असा.

राज्यपाल वेळेवर आले. हिंदीत म्हणाले, "कुठे बसू?" मी खिडकीजवळची साधी खुर्ची दाखवली आणि छतावरचे दिवे बंद करायची परवानगी मागितली. बरोबरचे लोक घुटमळले. राज्यपालांनीच हात करून दिवे बंद करायला सांगितले.

पहिल्या मिनिटात मला कळले की माझ्या चारही छटा चुकलेल्या आहेत. सगळ्या गुलाबीकडे झुकलेल्या. छपाईचा आणि फ्लॅशचा रंग माझ्या डोक्यात बसला होता. समोरच्या माणसाचे कपाळ पिवळसर तपकिरी होते. गालाचे हाड तांबूस, आणि त्याखाली दाढी केलेल्या जागेत निळसर करडी छाया. कानाच्या पाळ्या सगळ्यांत लाल. हात चेहऱ्यापेक्षा दोन छटा गडद, शेतात काम केलेल्या माणसाचे असतात तसे. विचारले, तर खरोखरच तरुणपणी त्यांनी शेती केली होती. कुठल्याही फोटोत हे हात नव्हते.

दुसरी गोष्ट बोलता बोलता दिसली. कॅमेरा समोर आला की ते हनुवटी वर करत. वर्षानुवर्षांची सार्वजनिक सवय. माझ्या हातात कोळसा होता म्हणून असेल, पहिली दोन मिनिटे तसेच बसले. मग त्यांनी मला आबालालांबद्दल विचारले आणि मी सांगू लागलो तसे ते ऐकू लागले. ऐकताना हनुवटी खाली आली, वजन उजव्या कोपरावर गेले, डावी पापणी आणखी थोडी मिटली आणि डोळे बारीक झाले. ओठ बंद, पण आवळलेले नव्हेत. मला चित्र मिळाले.

कोळशाचे रेखाटन सातऐवजी नऊ मिनिटे चालले. रंगाच्या टिपणात मी चेहरा काढलाच नाही, फक्त कपाळ, गाल, जबडा आणि हात यांचे चार ठिपके, एकमेकांना लागून, खऱ्या क्रमाने. शेवटची पाच मिनिटे नुसते बघितले. त्यांनी विचारले, "झालं?" मी म्हटले, "झालं नाही, पण आता होईल." ते उठताना आधी डाव्या हाताने शाल सावरतात, हेही तेव्हा टिपले. चित्रात तो हात शालीच्या काठावर आहे.

बाहेर येऊन सर्किट हाउसच्या पायरीवर बसलो आणि अर्धा तास आठवेल ते वहीत लिहीत राहिलो. बैठकीनंतर लगेच हे लिखाण केले नाही, तर संध्याकाळपर्यंत डोक्यातला माणूस पुन्हा फोटोसारखा दिसू लागतो.

दुसरा कॅनव्हास

पहिल्याच कॅनव्हासवर दुरुस्ती करावी, असे मंडळातल्या एकांनी सुचवले; कापड आणि रंग वाचेल. मी ऐकले नाही. वाळलेल्या जाड थरावर पुन्हा पातळ थर दिले की पुढे भेगा पडतात, आणि तैलरंग वर्षांनुवर्षे पारदर्शक होत जात असल्याने खालचा चेहरा वर येऊ लागतो. तीस वर्षांनी राज्यपालांच्या कपाळातून दुसरी पापणी दिसू लागली असती.

नवा कॅनव्हास ताणला. कोळशाचे रेखाटन घरच्यांना पाठवले; उत्तर एका ओळीचे आले: "हे ते आहेत." पुढचे काम सरळ होते, म्हणून लांबवत नाही. एकच झगडा झाला तो हसण्यावरून. मंडळाला दात दिसणारे नको, पण हसू हवे होते. मी ऐकणाऱ्या चेहऱ्यावर ठाम राहिलो. हसू हा क्षणाचा स्नायू आहे. भिंतीवर वर्षानुवर्षे धरून ठेवला की त्याचा ताण पाहणाऱ्याला जाणवतो. आबांनी माझी बाजू घेतली.

पावसाने वेळ खाल्ला. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि थंड, दमट, अंधाऱ्या हवेत फार सावकाश. अंबरचे थर दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासे झाले. कोटाचा काळा मात्र दोन आठवडे ओलाच होता. बंद खोलीत पांढरे भाग पिवळसर पडू लागतात म्हणून उघडीप मिळाली की कॅनव्हास खिडकीशी आणून ठेवायचो, पाऊस आला की आत.

टांगणीकडे चित्रकार सहसा लक्ष देत नाही, आणि तिथे कामाचे वाटोळे होते. त्या सभागृहातल्या चौकटींची खालची कड जमिनीपासून सात फुटांवर आहे. खालून पाहिले की चेहरा आखूड दिसतो आणि वरच्या ट्यूबलाइटची तिरीप नेमकी कपाळावर चमकते. मी चौकटीची वरची कड भिंतीपासून तीन इंच पुढे झुकवली, समोरची एक ट्यूब काढायला लावली आणि मागे बुचाचे तुकडे लावून भिंत व कॅनव्हास यांत हवा खेळती ठेवली. नाहीतर पुढच्या जुलैत मागून बुरशी चढली असती.

अनावरणाच्या दिवशी चित्र पुरते वाळलेले नव्हते. संस्थेला चकाकी हवी होती, पण शेवटचे व्हार्निश इतक्या लवकर दिले की आतला रंग श्वास घेत नाही. पातळ रिटच व्हार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या व्हार्निशचा, एक हात देऊन भागवले आणि खऱ्या व्हार्निशसाठी पुढच्या वर्षीची तारीख आबांच्या डायरीत लिहून आलो.

ती तारीख मार्चमधली होती. हवा कोरडी, परीक्षा संपलेल्या, सभागृह रिकामे. शिपाई मामांनी आदल्या दिवशीच फरशी पुसून घेतली होती. चित्र उतरवून दोन बाकांवर आडवे ठेवले, मऊ ब्रशने धूळ झटकली आणि रुंद ब्रशने डावीकडून उजवीकडे एकेक पट्टा देत गेलो. कोटाचा काळा खोल गेला, कपाळाचा पिवळा वर आला. आबा दारातच थांबले होते. वास सोसत नाही म्हणून आत आले नाहीत. काम संपल्यावर खिडक्या उघड्या ठेवल्या आणि मामांना सांगून निघालो की उद्या सकाळपर्यंत पंखा लावू नका, धूळ चिकटेल.